जुन्या मराठी पुस्तकाची डिजिटल आवृत्ती कशी सिद्ध करावी

पुण्यातील जुन्या ग्रंथालयांच्या कपाटांत चित्रशाळा, आर्यभूषण, जगद्धितेच्छु अशा छापखान्यांतून बाहेर पडलेली कितीतरी पुस्तके आज अशा अवस्थेत आहेत की, पान उलटताना त्याचा कोपरा हातात येतो. त्यांतील बहुतेकांचे स्वामित्वहक्क केव्हाच संपलेले आहेत. ती कोणालाही छापता येतात, वाटता येतात आणि महाजालावर ठेवता येतात. अशा अनेक पुस्तकांच्या पीडीएफ प्रती आता मिळू लागल्या, ही मोठीच सोय झाली. परंतु पानाच्या छायाचित्रात शब्द शोधता येत नाही, मोबाइलच्या पडद्यावर अक्षर मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते, आणि दृष्टिहीन वाचकाच्या पडदावाचकाला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, त्या छायाचित्रातले काहीच वाचता येत नाही. पुस्तक पुन्हा वाचनात यायचे असेल तर त्याचा मजकूर अक्षर न् अक्षर उतरवून, मुळाशी ताडून घ्यावा लागतो. हे काम कोणालाही शिकता येते. मात्र सगळा भर एका गोष्टीवर हवा: मूळ पानावर जे अक्षर छापले आहे तेच आपल्या आवृत्तीत आले पाहिजे, आणि जेथे ते आले नाही तेथे तसे का केले याची नोंद वाचकाला सापडली पाहिजे.

हक्क संपले आहेत ना, हे आधी पाहावे

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार, लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यकृतीवरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर उजाडणाऱ्या १ जानेवारीपासून मोजून ६० वर्षे टिकतो. (१९९२ च्या दुरुस्तीपूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती.) साने गुरुजींचे निधन ११ जून १९५० रोजी झाले, म्हणून त्यांच्या हयातीत छापलेले लेखन १ जानेवारी २०११ रोजी मुक्त झाले, वि. दा. सावरकरांचे निधन २६ फेब्रुवारी १९६६ चे, म्हणून त्यांच्या बाबतीत ही तारीख १ जानेवारी २०२७ येते. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध झालेल्या लेखनाची, तसेच निनावी किंवा टोपणनावाने लिहिलेल्या आणि लेखकाची ओळख उघड न झालेल्या पुस्तकाची ६० वर्षे प्रकाशनापासून मोजतात. भाषांतरावर भाषांतरकाराचा आणि चित्रांवर चित्रकाराचा हक्क स्वतंत्र असतो, म्हणून त्या प्रत्येकाची मृत्युतारीख वेगळी शोधावी लागते.

पुनर्मुद्रणांच्या बाबतीत विशेष सावध राहावे. ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ साली पुण्यात छापली गेली आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी ती संपादून पुन्हा प्रसिद्ध केली. यांपैकी ताराबाईंचा मजकूर आज सर्वांचा आहे. १९७५ च्या आवृत्तीतील संपादकीय लेखन मात्र तसे नाही. अशा वेळी मूळ आवृत्तीची प्रत शोधणे हाच सरळ मार्ग होय. याच्या उलट, जुन्या मुखपृष्ठाच्या मागे १८६७ च्या २५ व्या ‘आक्टा’प्रमाणे, म्हणजे कायद्याप्रमाणे, पुस्तक नोंदवून सर्व हक्क ग्रंथकर्त्याने स्वाधीन ठेवल्याचा जो मजकूर असतो, त्याने बिचकण्याचे कारण नाही. तो त्या काळचा रिवाज होता. मुदत संपली की त्याचे बंधन उरत नाही. आपल्या आवृत्तीत तो मजकूर मात्र जसाच्या तसा घ्यावा.

मृत्युतारखेसाठी सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा ‘अर्वाचीन चरित्रकोश’ आणि आवृत्त्यांच्या तपशिलासाठी शंकर गणेश दाते यांची १८०० ते १९३७ या काळातील पुस्तकांची ‘मराठी ग्रंथसूची’ ही दोन साधने हाताशी असावीत. दोन्ही पुण्यात घडली आणि पुण्याच्या जुन्या ग्रंथालयांत पाहायला मिळतात. नामपृष्ठावर केवळ शक असेल तर त्यात ७८ मिळवून इसवी सन काढावा. जानेवारीपासून चैत्र पाडव्यापर्यंतच्या तारखांसाठी ७९ मिळवावे लागतात. पुस्तक ज्या संकेतस्थळावर ठेवायचे आहे त्याचे सर्व्हर अमेरिकेत असतील तर तेथील नियमही लागतो. तेथे जुन्या पुस्तकांची मुदत बहुधा प्रकाशनापासून ९५ वर्षे धरली जाते, आणि विकिमीडियासारखे प्रकल्प दोन्ही देशांतली मोकळीक पाहतात.

प्रत निवडणे आणि पाने जुळवून पाहणे

पुणे नगर वाचन मंदिर १८४८ सालचे, भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० चे, पुणे मराठी ग्रंथालय १९११ चे आणि भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ चे. एवढी जुनी संग्रहालये एका शहरात असल्याने एकाच पुस्तकाच्या दोन प्रती मिळण्याची शक्यता येथे बरीच असते, आणि दोन प्रती असाव्यातच, कारण एकीत फाटलेले पान दुसरीत धड असते. पुस्तक आधीच कोणी स्कॅन केले आहे का, हे इंटरनेट आर्काइव्ह या मोफत डिजिटल ग्रंथालयात पाहून घ्यावे. तेथे डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या प्रकल्पातील पुष्कळ मराठी पुस्तके आहेत. त्यांतील काहींची पाने गळलेली, तिरकी किंवा काठावर कापली गेलेली आढळतात. तरीही गहाळ पान भरून काढण्यास ती प्रत उपयोगी पडते. ग्रंथालयाकडे जाताना कोणते पुस्तक, कशासाठी, कोणत्या पद्धतीने स्कॅन करणार आणि तयार फाइल त्यांना कधी देणार, हे लिहून न्यावे. पुस्तक घरी न्यायला मागू नये; तेथेच बसून काम करण्याची परवानगी मागावी.

स्कॅन करण्यापूर्वी पाने मोजावीत, आणि पृष्ठांकावर विसंबू नये. जुनी पुस्तके बहुधा सोळा पानी फर्म्यांत, म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या पानांच्या गटांत, छापलेली असतात आणि प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक टायपात फर्म्याचा अंक असतो. पृष्ठ १, १७, ३३, ४९ असे पाहत गेल्यास बांधणीत फर्मा राहून गेला, उलटा लागला किंवा दोनदा आला, हे लगेच कळते. चित्रांच्या पानांना बहुधा पृष्ठांक नसतो, म्हणून त्यांची यादी वेगळी करावी. मागच्या जाहिराती, किमतीचे आणे, टपालहशील, वर्गणीदारांची नावे हा सगळा पुस्तकाचाच भाग समजावा. त्या काळी कोण काय छापत होते आणि ते केवढ्याला विकले जात होते, हे पुष्कळदा याच पानांवरून समजते.

पानांची छायाचित्रे

जून ते सप्टेंबर या काळात पुण्याच्या हवेत दमटपणा असतो, पान फुगते आणि ओळी लाटेसारख्या वाकतात. शक्य असेल तर हे काम हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात करावे. चिकटलेली पाने ओढून सुटी करू नयेत. फाटलेल्या पानाला पारदर्शक चिकटपट्टी कधीही लावू नये, कारण तिचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदात उतरतो. शिवण घट्ट असलेले पुस्तक सपाट काचेच्या स्कॅनरवर दाबले तर पाठ तुटते. त्याऐवजी दोन्ही पुट्ठ्यांना आधार देऊन पुस्तक सुमारे ९० ते १०० अंशांपर्यंतच उघडावे आणि स्टँडवर बसवलेल्या कॅमेऱ्याने आधी सर्व उजवी, मग सर्व डावी पाने टिपावीत. प्रकाश दोन बाजूंनी ४५ अंशांत यावा, म्हणजे चकाकी येत नाही. कागद पातळ असेल तर मागच्या बाजूचे अक्षर पुढे दिसते. टिपायच्या पानाखाली काळा कागद सरकवला की ते बरेचसे नाहीसे होते.

देवनागरी बारीक टायपासाठी दर इंचाला ४०० बिंदू ही घनता योग्य ठरते. ३०० च्या खाली जाऊ नये. मूळ प्रतिमा रंगीत आणि तपशील न गमावता साठवणाऱ्या टिफ स्वरूपात ठेवाव्यात. साडेआठ इंच उंच आणि साडेपाच इंच रुंद अशा पानाची ४०० घनतेची रंगीत टिफ फाइल सुमारे २२ मेगाबाइटची होते, म्हणजे २०० पानांच्या पुस्तकाला साडेचार गीगाबाइटच्या आसपास जागा लागते. प्रतिमा आपोआप ‘सुंदर’ करणारी मोबाइल ॲपे मूळ प्रतीसाठी वापरू नयेत. ती नेमके काय पुसतात ते दिसत नाही. फाइलींना पुस्तकाचे संक्षिप्त नाव आणि चार अंकी क्रमांक द्यावा, आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी.

डाग काढताना अनुस्वार जपावेत

पाने सरळ करणे, दोन पाने वेगळी करणे आणि समास सारखे करणे यासाठी स्कॅनटेलर हे मोफत सॉफ्टवेअर चांगले आहे. मराठी पुस्तकाच्या दृष्टीने त्यातील एक सोय धोक्याची आहे, ती म्हणजे ठिपके काढण्याची. इंग्रजी पानावर ती कागदावरची घाण पुसते; १९६२ च्या लेखननियमांपूर्वीच्या मराठी पानावर ती अनुस्वारही पुसते. खिळा (छपाईचे धातूचे अक्षर) झिजलेला असेल तर अनुस्वाराचा ठिपका कागदातील काडीकचऱ्याहून लहान असतो, आणि सॉफ्टवेअरला दोहोंतला भेद कळत नाही. म्हणून ही सोय बंद ठेवावी. पानावर डाग राहिलेले चालतील.

एवढा आग्रह अनुस्वारासाठी का, हे एका शब्दावरून दाखवता येईल. जुन्या पानावरचा ‘कांहीं’ हा शब्द भिंगाखाली पाहावा. पहिला अनुस्वार ‘का’च्या डोक्यावर मोकळा उभा असतो आणि सहज दिसतो. दुसरा ‘ही’च्या दीर्घ वेलांटीच्या कमानीला लागून बसतो, शाई थोडी जास्त झाली की ठिपका आणि वेलांटी एकजीव होतात, आणि शाई कमी पडली तर तेथे नुसती एक फिकट खूण उरते. छायाचित्रातली अक्षरे ओळखणारे यंत्र तेथे ‘कांही’ वाचते आणि घाईने वाचणारा माणूस ‘काही’ वाचतो. पुस्तकात हा शब्द शेकडो वेळा येतो. त्याहून महत्त्वाचे असे की, काही अनुस्वारांवर अर्थ अवलंबून असतो. ‘तें’ हे नपुंसकलिंगी एकवचन आणि ‘ते’ हे पुल्लिंगी अनेकवचन. ठिपका गेला की वाक्यातला कर्ताच बदलतो.

यंत्राकडून मजकूर उतरवून घेणे

देवनागरीसाठी टेसरॅक्ट हे मुक्त सॉफ्टवेअर आणि गूगलची अक्षर-ओळख सेवा, असे दोन पर्याय बहुतेकांच्या हाताशी असतात. टेसरॅक्टमध्ये मराठीचे भाषासंच वापरावेत. उभी जोडाक्षरे (एका अक्षराखाली दुसरे जोडलेली) फार असतील तर जोडीला संस्कृतचा संचही लावून दोन्ही निकाल ताडून पाहावेत. शिळाछापावरच्या हस्ताक्षरी पुस्तकाला ही यंत्रे उपयोगी पडत नाहीत. तेथे सरळ टंकलेखन केलेले बरे.

यंत्राच्या चुका ठरावीक असतात, आणि त्या ओळखल्या की काम निम्मे हलके होते. ‘विद्या’चे ‘विघा’ होते. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, प आणि ष यांची अदलाबदल होते. विसर्गाच्या जागी इंग्रजी अपूर्णविराम येतो आणि ओव्यांच्या दंडाच्या जागी उभी रेघ. जुन्या ग्रंथांत संक्षेप दाखवण्यासाठी टिंबाऐवजी पुष्कळदा शून्य वापरत, जसे ‘रा० रा०’ किंवा ‘इ० स०’. यंत्र त्याचे कधी इंग्रजी ‘ओ’ करते, तर कधी अंशाचे चिन्ह. काही चुका डोळ्यांना दिसतच नाहीत. ‘दुसऱ्या’मधील अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो: एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून, तर दुसऱ्यात साध्या र ला हलन्त देऊन व पुढे अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण शोध घेताना एक सापडते आणि दुसरे सापडत नाही. संपूर्ण पुस्तकात ऱ चाच वापर ठेवावा. अशा सर्व बदलांची यादी करून ते एकेक करून, प्रत्येक जागा डोळ्यांखालून घालत करावेत. ‘सर्व बदला’ हे बटण अक्षरचिन्हांच्या दोषांपुरतेच वापरावे आणि शब्दांसाठी कधीही वापरू नये.

मुद्रितशोधन

या कामाला सर्वांत अधिक वेळ द्यावा. मूळ पान आणि उतरवलेला मजकूर शेजारी शेजारी ठेवून एकेक ओळ वाचायची, हा साधा मार्ग झाला, पण त्यात मन पुढच्या शब्दाचा अंदाज घेते आणि नसलेले अक्षर असल्यासारखे वाचते. जुन्या छापखान्यांतली दोघांनी वाचण्याची रीत अजूनही उत्तम आहे. एकाने मूळ प्रतीवरून मोठ्याने वाचावे आणि ‘का’वर अनुस्वार, ‘ही’ला दुसरी वेलांटी व अनुस्वार, पुढे स्वल्पविराम, असे सांगत जावे, दुसऱ्याने पडद्यावरचा मजकूर त्याबरहुकूम पाहावा. पद्य असेल तर ही पद्धत फार फळते, कारण ऱ्हस्वदीर्घाची चूक छंदात लगेच अडते.

मराठी विकिस्रोत या मुक्त ग्रंथालयात हेच तत्त्व संकेतस्थळाच्या रचनेत बसवलेले आहे. तेथे पानाचे चित्र व मजकूर समोरासमोर असतात. पान प्रथम लाल खुणेचे असते, एकाने तपासले की पिवळे आणि दुसऱ्या व्यक्तीने पुन्हा तपासले की हिरवे होते. पहिल्याच व्यक्तीला ते हिरवे करता येत नाही. नव्याने काम सुरू करणाऱ्याने स्वतःची वेगळी व्यवस्था उभारण्याऐवजी तेथेच काम करावे, असे माझे मत आहे. तपासणारे दुसरे डोळे तेथे मिळतात आणि प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो.

आता लेखनाचा प्रश्न. १९६२ साली शासनमान्य झालेल्या लेखनविषयक नियमांनी अनेक अनुस्वार गेले, आणि ‘कवि’, ‘बुद्धि’, ‘गुरु’ यांची अखेरची अक्षरे दीर्घ झाली. जुने पुस्तक उतरवताना आजचे नियम लावण्याचा मोह होतो, कारण बोटांना तीच सवय असते आणि वर्णतपासणी करणारे सॉफ्टवेअर प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ ओढत राहते. ते सॉफ्टवेअर बंद करावे. ‘घरांत’, ‘नाहीं’, ‘त्यानें’, ‘करावें’ हे तसेच राहावे. एकोणिसाव्या शतकातील पुस्तकांत ‘म्हणून’ऐवजी ‘ह्मणून’ छापलेले असते, ‘बँक’ऐवजी ‘ब्यांक’ आणि ‘कॉलेज’ऐवजी ‘कालेज’ असते, तेही राहावे. भाषेचा अभ्यास करणाऱ्याला त्या काळचा उच्चार आणि लेखन यांचा हा प्रत्यक्ष पुरावा असतो, आणि तो आपण सुधारला तर पुढे कोणालाही परत मिळवता येत नाही. शाळकरी वाचकांसाठी आजच्या लेखनातील आवृत्ती जरूर करावी. ती वेगळ्या फाइलीत, वेगळ्या नावाने आणि प्रस्तावनेत तसे स्पष्ट सांगून करावी. दोन्ही पद्धतींची सरमिसळ असलेली आवृत्ती मात्र दोन्ही वाचकांना निरुपयोगी ठरते.

मग छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याच्या चुकांचे काय करावे? एखादे लेखन पुस्तकात सर्वत्र एकाच प्रकारे येत असेल तर ती त्या लेखकाची किंवा छापखान्याची पद्धत समजावी. शंभर ठिकाणी एक रूप आणि एकाच ठिकाणी दुसरे असेल, अक्षर उलटे बसले असेल किंवा शब्द दोनदा आला असेल तर तो मुद्रणदोष असण्याचा संभव मोठा. तेथेही छापलेले रूप मजकुरात ठेवावे आणि दुरुस्ती टिपेत द्यावी. शब्दच अनोळखी असेल तर तो चुकीचा आहे असे मानण्याआधी मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ उघडावा. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात, आणि चुकीचे वाटलेले पुष्कळ शब्द तेथे अर्थासह भेटतात. पुस्तकाच्या शेवटी शुद्धिपत्र असेल तर त्यातील दुरुस्त्या लेखकाच्या संमतीच्या मानून मजकुरात कराव्यात, प्रत्येकीला टीप द्यावी आणि शुद्धिपत्राचे पानही जागेवर ठेवावे. वाळवीने किंवा कसरीने खाल्लेली अक्षरे अंदाजाने भरू नयेत. दुसरी प्रत मिळेपर्यंत तेथे चौकटी कंसात रिकामी जागा सोडावी.

पुस्तकाचे रूप

मजकूर पक्का झाल्यावर त्याचे ईपब (पडद्याच्या आकाराप्रमाणे ओळी जुळवून घेणारे ई-पुस्तक) करणे तुलनेने सोपे असते. ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द जोडावेत, फर्म्याचे अंक आणि प्रत्येक पानावर येणारे शीर्षक काढावे. मूळ पृष्ठांक मात्र समासात ठेवावेत, म्हणजे संशोधकाला आधार देता येतो. सिजिल या मोफत सॉफ्टवेअरमध्ये प्रकरणांची शीर्षके खऱ्या शीर्षकांच्या खुणेने बांधावीत, नुसती ठळक अक्षरे करू नयेत. पडदावाचक त्या खुणांवरूनच प्रकरणे ओळखतो. तळटिपा दोन्ही बाजूंनी दुव्याने जोडाव्यात. भाषा म्हणून मराठीचा संकेत न चुकता द्यावा. तो दिलेला असेल तर मराठी रूपे असलेल्या फाँटमध्ये पाकळीचा ल आणि देठाचा श येतो, एरवी हिंदी वळणाची अक्षरे दिसतात. फाँट मुक्त परवान्याचा घ्यावा आणि उभ्या जोडाक्षरांसाठी ‘विद्वत्ता’, ‘शुद्ध’, ‘श्रेष्ठ’ असे शब्द टाकून आधी पाहून घ्यावा.

पुस्तकाच्या आरंभी एक पान आपले असावे. कोणती आवृत्ती, कोणत्या ग्रंथालयाची प्रत, कोणती पाने दुसऱ्या प्रतीतून घेतली, कोणती चिन्हे एकसारखी केली, किती दुरुस्त्या टिपांत आहेत, हे त्यावर लिहावे. मजकूर उतरवल्याने त्यावर आपला नवा हक्क येत नाही, आणि तसा दावाही करू नये. आपल्या टिपा व प्रस्तावना सीसी-शून्य परवान्याने, म्हणजे आपले सर्व हक्क सोडून, मुक्त केल्या तर पुढच्या माणसाला विचारत बसावे लागत नाही.

स्कॅन, साधा मजकूर आणि ईपब अशा तिन्ही फाइली एकत्र इंटरनेट आर्काइव्हवर ठेवाव्यात, आणि त्यांचा एक संच ज्या ग्रंथालयाने पुस्तक दिले त्याला नेऊन द्यावा. त्यांच्या सूचीतील पुस्तकाच्या नोंदीत दुवा घालण्याची विनंतीही करावी, म्हणजे ती जीर्ण प्रत वाचकांच्या हाती वारंवार द्यावी लागत नाही. वाचकांकडून चुका कळत राहतात. प्रत्येक चूक मूळ प्रतिमेशी ताडावी, खरी ठरली तरच बदल करावा, नव्या फाइलीवर आवृत्तीचा क्रमांक व तारीख घालावी आणि आधीची फाइलही तेथेच राहू द्यावी.